मागून येणारी अम्मा

१

कुठेही बाहेर जायचं ठरलं की शौनकला आदल्या दिवशी गाडीची टाकी फुल करून ठेवायची असते आणि त्याच्या वडिलांना, गोविंदरावांना, नारळ लागतो. नमिता लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून हे असंच चाललेलं आहे. नाशिकला तिच्या माहेरी चालत्या गाडीतून देवाला हात जोडतात आणि गप्पा पुढे चालू ठेवतात. सासरची माणसं कुडाळची. तिथे परसातल्या विहिरीवर पंप बसवायचा तरी आधी जागेच्या मालकाला विचारतात, आणि तो मालक सातबाऱ्यावरचा नव्हे.

शौनक-नमिता नोकरीनिमित्त दोह्यात राहत होते, आणि त्या जानेवारीत तिथली हवा माणसात आली होती. झिक्रीतच्या पुढे, पश्चिम किनाऱ्यालगत, चुनखडीच्या कड्यांमधून जाणारी एक घळ आहे, तिथे गाइडसकट दिवसभराची पायपीट करता येते, असं शौनकच्या ऑफिसात कुणीतरी सांगितलं. पूर्वी मोती काढणारे लोक समुद्रावरून गोड्या पाण्याच्या विहिरीकडे याच वाटेने जात म्हणे. शौनकने लगेच शुक्रवार ठरवून टाकला. सहल नावाला सगळ्यांची होती, पण ती होती गोविंदरावांसाठी.

शौनकची आई, कमलिनीबाई, मागच्या शिमग्याच्या आधी गेल्या. गोविंदरावांनी सगळं रीतसर केलं, तेराव्याला लोकांना आग्रह करकरून वाढलं, आणि मग मुलाबरोबर विमानात बसून कतारला आले. दोह्याच्या बिन महमूद भागातल्या फ्लॅटमध्ये खिडकीपाशी जे बसले ते बसलेच. ‘ती गेली’ हे शब्द मात्र त्यांच्या तोंडून एकदाही निघाले नाहीत. कुणी विषय काढलाच तर म्हणायचे, “ती गावाक आसा.” डॉक्टरांनी तपासून सांगितलं की स्मरणशक्ती तुमच्या-माझ्यापेक्षा बरी आहे, फक्त मन मानत नाहीये, वेळ द्या. घरच्यांनी इतका वेळ दिला की तो शब्दच घरातून हद्दपार झाला. आठ वर्षांची अंतरा आजीबद्दल काही विचारायला लागली की नमिता डोळे मोठे करायची.

म्हाताऱ्या माणसाला उगाच कशाला दुखवायचं, एवढाच विचार होता. पण गोविंदराव दिवसेंदिवस वाळत चालले होते. हा माणूस एक दिवस मुकाट्याने उठेल आणि बायकोच्या मागे निघून जाईल, ही भीती नमिताच्या पोटात घर करून बसली होती. तिचे स्वतःचे वडील ती लहान असतानाच गेले होते. हे दुसरे वडील तिला हातचे जाऊ द्यायचे नव्हते.

२

गाइडचं नाव नसरुद्दीन. मलबारचा माणूस, पिकलेली दाढी, डोक्याला रुमाल, आणि हिंदी अशी की क्रियापदं सगळी एकाच मापाची. त्या दिवशीची दुसरी मंडळी आयत्या वेळी आली नव्हती, त्यामुळे घळीत जायला हे कुटुंब आणि तो, एवढेच.

घळ पाहून गोविंदराव पहिल्यांदा जरा खुलले. “ह्येका घळ म्हणतत? आमच्याकडे ह्येका व्हाळ म्हणतत. तो पण पाणी आटलेलो.”

“बाबा, इथे एवढंच मिळतं,” शौनक म्हणाला. “वाळवंट आहे.”

खरं तर जागा हसण्यासारखी नव्हती. दोन्ही अंगांना पिवळट पांढरे कडे, वाऱ्याने खालून कोरलेले, त्यामुळे डोक्यावर झुकलेले. तळाशी बारीक खडी. बाहेर मोकळ्यावर वारा भणभणत होता आणि दोन पावलं आत गेलं की तो कुणी दार लावून घेतल्यासारखा बंद होत होता.

गोविंदरावांनी तोंडाशीच एक दगड पाहिला, नारळ काढला, टोपी सारखी केली आणि गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. गाऱ्हाण्याची रीत अशी की घरचा कर्ता एकेक मागणं मोठ्याने मागतो आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. अंतराला हे प्रकरण भलतंच आवडायचं. मराठीत एरवी ती एक वाक्य धड बोलायची नाही, पण ‘व्हय म्हाराजा’ अगदी बेंबीच्या देठापासून.

“बा देवा म्हाराजा! जो कोण ह्या जाग्याचो मालक आसशीत, तेका आमचो नमस्कार!”

“व्हय म्हाराजा!”

“आज हीं माझी माणसां तुझ्या हद्दीतसून जातत. माझो झील शौनक, सून नमिता, नात अंतरा, माझी घरकारीण कमलिनी, आणि मी गोविंद.”

नमिताने ते नाव ऐकलं. शौनकनेही ऐकलं. वर्षानुवर्षं ज्या क्रमाने नावं घेतली त्याच क्रमाने ती त्यांच्या जिभेवरून ओघळली होती. शौनकने मान खाली घातली. आता टोकायचं कसं, आणि या वयात, या जागी कशाला?

“व्हय म्हाराजा,” नमिताच आधी म्हणाली, जरा जास्तच मायेने. मागोमाग शौनक, मागोमाग अंतरा.

“ह्या सगळ्यांक हाताक धरून सुखरूप घराक पोचय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

नारळ पहिल्याच फटक्यात फुटला. नसरुद्दीन तेवढा वेळ अदबीने बाजूला उभा होता. “अच्छा है,” तो म्हणाला. “दुआ सब जगह चलता है। यल्ला, चलो।”

३

वाट सोपी होती. नसरुद्दीन पुढे, त्याच्या पाठीशी अंतरा, मग शौनक आणि गोविंदराव, शेवटी नमिता. नसरुद्दीन मधूनच थांबून कड्यातले शंखांचे ठसे दाखवायचा, कुठे जुन्या लोकांनी पाय ठेवायला खोदलेल्या खोबण्या दाखवायचा. गोविंदराव चालत होते, खाली बसून खडी हातात घेऊन पाहत होते. नमिताला बरं वाटलं. सहलीचे पैसे वसूल, असं ती मनात म्हणालीसुद्धा.

एका वळणावर नसरुद्दीन थांबला आणि तिच्या दिशेने पाहत म्हणाला, “आराम से। अम्मा धीरे आता है।”

नमिताला हे झोंबलं. चाळिशी जेमतेम आली होती, आठवड्यातून तीनदा ती जिमला जात होती, आणि हा दाढीवाला माणूस तिला अम्मा म्हणत होता! तिने चाल वाढवली आणि मुद्दाम शौनकला गाठलं.

“मी हळू चालतेय का रे?”

“तू? तुझ्यामागे धावायला मी लागतो.”

पुढच्या वळणावर ती नसरुद्दीनच्या अगदी शेजारी होती. तो तरीही थांबला, मान वळवून मागे पाहिलं आणि वाट पाहत राहिला. कोपऱ्यापलीकडून खडीवर काहीतरी घासत येत असल्याचा आवाज येत होता. जड ओलं कापड दगडावरून ओढावं तसा. घळीत आवाज उलटसुलट फिरतात, आपलाच आवाज मागून येतो, हे नमिताला कळत होतं. ती इंजिनिअर होती, हे तिला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. पण त्या वेळी सगळेच उभे होते. कुणाचाच पाय हलत नव्हता.

आवाज थांबला. नसरुद्दीनने समाधानाने मान हलवली आणि पुढे निघाला.

नमिता त्यानंतर शेवटी चालली नाही. तिने काहीतरी निमित्त काढून अंतराचा हात धरला आणि शौनकला मागे पाठवलं. थोड्या वेळाने पाहते तर शौनकही मागे नव्हता. सगळ्यांच्या मागे गोविंदराव चालत होते, सावकाश, आणि चालता चालता खालच्या आवाजात कुणाला तरी सांगत होते, “बघून चल. हय खडी आसा.”

४

विहीर आता नावालाच उरली होती, दगडांचं एक कडं आणि आत वाळू. तिथे सावलीत बसून डबे उघडले. थालीपीठं, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमधला चहा. नमिताने नसरुद्दीनच्या कागदी बशीत दोन थालीपीठं वाढली. त्याने बशी घेतली, इकडेतिकडे पाहिलं आणि संकोचून विचारलं, “मैडम, अम्मा को खाना नहीं दिया?”

“कौन अम्मा?”

“पीछे जो आता है। गाड़ी में बैठा था ना। हम लोग निकला, तब उतरा।” त्याने आलेल्या वाटेकडे हात केला. वाट रिकामी होती. पांढऱ्या कड्यावर ऊन पडलं होतं. नसरुद्दीनचा हात तसाच राहिला. “अभी तो था,” तो पुटपुटला. “थक के बैठ गया होगा।”

शौनक हसला. उजेड-सावलीचा खेळ, म्हणाला. असल्या कड्यांत माणसाला माणसाचे आकार दिसतातच, मेंदूला तशी सवयच असते. नमिताने जोरजोरात मान डोलावली. हे पटणं तिच्या सोयीचं होतं. नसरुद्दीनही हसला, पण तो अर्धं थालीपीठ टाकून उठला आणि ‘हवा बदलता है, जल्दी वापस जाना अच्छा’ असं काहीतरी म्हणाला. हवा जराही हललेली नव्हती.

गोविंदराव हसले नाहीत. त्यांनी आपल्यातलं एक थालीपीठ वेगळ्या बशीत घेतलं, त्यावर चटणी घातली आणि शेजारच्या दगडावर नीट ठेवलं. त्यांचा चेहरा किती तरी महिन्यांनी उजळला होता. नमिताला आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या अंगावर भर दुपारी काटा आला.

५

परतीच्या वाटेवर कुणी फारसं बोललं नाही. नसरुद्दीनने पैसेही न मोजता खिशात टाकले, सगळ्यांना ‘खलास, खलास’ करत गाडीपर्यंत आणलं आणि स्वतःच्या गाडीत बसून धुरळा उडवत निघून गेला.

मागच्या सीटवर एका खिडकीशी अंतरा, दुसऱ्या खिडकीशी गोविंदराव, मधली जागा मोकळी. शौनकने गाडी सुरू केली आणि टिंग टिंग टिंग असा आवाज सुरू झाला. मागच्या मधल्या सीटवर माणूस आहे आणि पट्टा लावलेला नाही, असं गाडीचं म्हणणं.

“बॅग असेल तिथे,” शौनक म्हणाला.

नमिता मागे वळली. मधल्या सीटवर पाण्याची बाटली होती, ती तिने पुढे घेतली. टिंग टिंग. सीटवर हात फिरवायला तिने हात लांब केला आणि का कोण जाणे, अर्ध्यातून मागे घेतला.

“सेन्सरमध्ये धूळ गेली असणार,” शौनक म्हणाला. “सर्व्हिसिंगला देऊ.”

दुखान हायवे लागेपर्यंत ते टिंग टिंग डोक्यात घण घालत राहिलं. मग गोविंदरावांनी शांतपणे मधला पट्टा ओढला, पुढ्यातून नेला आणि खटकन अडकवला. आवाज थांबला.

नमिताने समोरच्या आरशात पाहिलं नाही. दोह्याचे उंच दिवे दिसेपर्यंत ती खिडकीबाहेरच्या विजेच्या खांबांकडे बघत बसली. मागे गोविंदराव घडाघडा बोलत होते: बागेतला हापूस यंदा धरणार की नाही, शेजाऱ्याने कुंपण कुठे सरकवलं. प्रत्येक वाक्याला ते जरा थांबत, उत्तर ऐकल्यासारखे. अंतरा दाराला चिकटून, अंग चोरून बसली होती.

६

घरी पोचले तेव्हा मशिदीतून सूर्यास्ताची, मगरिबची अजान चालू होती. नमिताने आल्या आल्या घरातले सगळे दिवे लावले, अगदी बाल्कनीतलासुद्धा. शौनक आंघोळीला गेला. ती स्वयंपाकघरात कुकर लावत होती. डाळ धुवावी, तांदूळ धुवावेत, शिट्ट्या मोजाव्यात; अशा वेळी हातांना काम असलेलं बरं असतं.

अंतरा येऊन तिच्या कमरेला बिलगली.

“ममा, आजी इज स्टँडिंग इन द पॅसेज.”

नमिताने डोळे मोठे केले नाहीत. या वेळी तिला ते जमलं नाही. “काय करतेय?” तिने विचारलं, आणि हा प्रश्न विचारताना आपला आवाज किती साधा लागला याचं तिला नंतर आश्चर्य वाटलं.

“नथिंग. मी तिला सिट म्हटलं. शी डझन्ट नो हाउ.” अंतराने तिला आणखी घट्ट धरलं. “ममा, तिला बसता येत नाही.”

कमलिनीबाई कुठूनही आल्या की दारातच फतकल मारून बसायच्या आणि पाय दाबत अर्धा तास बोलायच्या. बसता न येणारी सासू नमिताला माहीत नव्हती.

स्वयंपाकघराच्या दारातून पॅसेजचा एक तुकडा दिसत होता. तिने बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. साडीचा घोळ होता. निऱ्या होत्या, पण त्या कापडाच्या नव्हत्या. वाऱ्याने कड्याला पाडाव्यात तशा होत्या, न हलणाऱ्या. एक हात बाजूला लोंबत होता. साडी, हात, बांगड्या, सगळं एकाच पिवळट पांढऱ्या रंगाचं. ज्याने कधी कमलिनीबाईंना पाहिलं नाही, फक्त नाव ऐकलं, अशा कुणीतरी अंदाजाने घडवलेली बाई. नमिताची नजर खांद्यापर्यंत गेली. त्याच्या वर ती न्यायची हिंमत तिच्यात नव्हती.

तेवढ्यात बाहेरच्या दाराची कडी वाजली.

७

गोविंदराव दारात उभे होते. पायात बूट, अंगात स्वेटर, हातात औषधांची पिशवी. दार उघडं होतं आणि बाहेरच्या जिन्याचा गार उजेड आत आला होता. शौनक केस पुसत बाथरूममधून बाहेर आला होता आणि गोंधळून बघत होता. त्याच्यात आणि वडिलांच्यात पॅसेजचा तो तुकडा होता, पण त्याला काही दिसत नसावं. “कुठे निघालात, बाबा?” त्याने विचारलं.

“खंय जायचा नाय, हिका सोडून येतंय,” गोविंदराव म्हणाले. “हिका हय करमत नाय. सारखी दाराकडे बघता. एकटीक वाट सापडाची नाय तिका.”

“कुठे सोडणार, बाबा?” नमिताने विचारलं.

“थयच. व्हाळात.”

“आणि परत कधी येणार?”

“बघू,” ते म्हणाले. त्यांचा आवाज सुखी होता. इतके महिने ती ज्याला भीत होती ते असं येणार होतं तर, हसत, स्वेटर घालून.

शौनकने तेच केलं जे हे घर वर्षभर करत आलं होतं. “बाबा, आता अंधार पडतोय,” तो समजुतीने म्हणाला. “उद्या जाऊ ना. मी नेतो गाडीने. आपण आईला उद्या सोडू.”

‘आईला’ हा शब्द त्याच्या तोंडून निघाला आणि पॅसेजमधलं ते पुढे सरकलं. दगडावर ओलं कापड घासल्याचा आवाज फरशीवर झाला. लोंबणारा हात वर आला आणि गोविंदरावांच्या हाताच्या दिशेने गेला. मघापर्यंत त्या हाताला बोटं सुटी नव्हती. आता होती.

नमिताला एकदम सगळं लख्ख कळलं. होकार भरवून भरवून आपणच याला मोठं केलंय. सकाळपासून केलंय, खरं म्हणजे त्याच्याही आधीपासून. अंतराला स्वयंपाकघरात ढकलून ती पुढे आली. सासऱ्यांचा हात तिने दोन्ही हातांनी धरला. तिच्या डाव्या कानाशी गार, कोरडी, चुन्यासारख्या वासाची हवा होती. तिने तिकडे मान वळवली नाही.

“बाबा, आई गेल्या.”

“नमिता!” शौनक ओरडला.

“गेल्या, बाबा. गावाला नाहीत त्या. कुठेच नाहीत. माझ्या मांडीवर डोकं होतं त्यांचं. ही त्या नव्हेत. तुम्ही हिच्याबरोबर गेलात तर तिथे आई भेटणार नाहीत, आणि आम्हाला तुम्ही पण नाही मिळणार. मला तुम्ही हवे आहात, बाबा. मला दुसरे वडील नाहीत.”

गोविंदरावांचा चेहरा रागाने लाल झाला. हात सोडवायला त्यांनी एक हिसका दिला. तिने सोडला नाही. मग ते शौनककडे वळले.

“खरा बोलता ही?”

शौनकच्या केसांतून पाणी गळत होतं. “हो, बाबा,” तो म्हणाला. “आई गेली.” आणि लहान मुलासारखं त्याने तोंड पंच्यात लपवलं.

म्हाताऱ्याने मान वर केली आणि नमिताच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. नमिताची नजर जिथे थांबली होती त्याच्याही वर, सरळ तोंडाकडे. काय दिसलं ते त्यांनी नंतर कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. त्यांचा श्वास मात्र मोठ्याने आत गेला, आणि मग आवाज आला तो गावातल्या चार माणसांत बोलायचा, अदबीचा.

“माझी चूक झाली,” ते म्हणाले. “गाऱ्हाण्यात तिचा नाव मीच घेतलंय. तू सांगितल्यापरमाणे केलंस, तुझे उपकार आसत. पण ती नाय. माझी बायको मेली. तू आपल्या जाग्याक जा.”

नमिताने डोळे गच्च मिटले. शेजारून काहीतरी गेलं, घासत, सावकाश, दाराबाहेर. जिन्यापाशी लिफ्ट आली, तिचं दार उघडलं, बराच वेळ उघडंच राहिलं. मग मिटलं. लिफ्ट खाली जात असल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, तळमजल्यापर्यंत.

कुकरची शिट्टी झाली तेव्हा चौघंही एकदम दचकले.

८

शौनकने दार लावलं. गोविंदराव चपलांच्या लाकडी रॅकवरच बसले होते, औषधांची पिशवी मांडीवर. नमिता त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. वाचले, एवढंच तिच्या मनात येत होतं. वाचले, आपल्या हाताला लागले.

अंतरा दबकत आली, पॅसेज नीट पाहून घेतला आणि आजोबांच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“नमिता,” ते म्हणाले. “तू होतंस मां थय. मी खाली गेललंय.”

“हो, बाबा. दवाखान्याच्या दारातल्या टपरीवर. चहा आणायला.”

“ती काय बोलली काय?”

हा प्रश्न त्यांनी आजवर विचारला नव्हता, आणि विचारला नाही म्हणून तिनेही सांगितलं नव्हतं. काहीतरी मोठं, देवाधर्माचं सांगावं असं तिला क्षणभर वाटलं. आज मात्र तिला खोट्याचा कंटाळा आला होता.

“तुम्ही चहाला गेलात हे मी सांगितलं त्यांना,” ती म्हणाली. “तर म्हणाल्या, ‘त्या टपरीवरचो चाय पाणचट असता, ह्येंका कितींदा सांगितलंय.’ मग डोळे मिटले. एवढंच.”

गोविंदरावांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

“मी वर घेऊन इललंय तो चाय,” ते सावकाश म्हणाले. “दोन कप. त्येचा काय झाला?”

“मीच प्यायले, बाबा. संध्याकाळी, एकटी बसले होते तेव्हा. दोन्ही.” नमिताने दुसरा बूट काढून बाजूला ठेवला. “खरंच पाणचट होता.”

गोविंदराव आधी हसले. खांदे हलवत, दात दाखवत, वर्षभरात हसले नव्हते तसे हसले. आणि मग हसता हसताच मोठ्याने रडायला लागले, घरभर ऐकू जाईल असे. शौनक पंचा टाकून त्यांच्याशेजारी येऊन बसला, आणि त्यांना गप्प राहा असं कुणीही म्हटलं नाही.